एकही स्थळ नाही

सात रस्ता चौकाजवळच्या ऑफिसात ऋतुराज एका वधू-वर मंडळाची वेबसाइट बनवत होता. नावनोंदणी आठवड्यापूर्वीच सुरू झाली होती, शोध मात्र आज संध्याकाळी सुरू व्हायचा होता. रोज जेवणाच्या सुट्टीत होटगीहून आईचा फोन ठरलेला, "सुरू झाली का रं तुजी साइट?" आपल्या कामाचं आईला एवढं कौतुक, म्हणून गडी खूश होता.

आता शेवटचं एकच तपासायचं राहिलं होतं. शोधून काहीच सापडलं नाही, तर 'एकही स्थळ नाही' हे पान नीट दिसतं का? त्यानं मुद्दाम वधूचं वय 'साठच्या पुढे' टाकलं.

तर एक स्थळ आलं!

"वयाच्या अटीत कायतरी चुकतंय वाटतं," शेजारची आरोही म्हणाली. दोघांनी शोधाची क्वेरी उलगडून पाहिली, साठलेला कॅशे पुसला, सर्व्हर बंद करून चालू केला, फ्रेमवर्कला दोन शिव्या घातल्या. मंडळाचे लोक यायला अर्धा तास उरला, तरी ते स्थळ काही हलेना.

"अरे, निदान उघडून वाच की कुणाचं हाय ते!" आरोही वैतागली.

त्यानं उघडलं. वय एकसष्ट, विधवा, राहणार होटगी, अंगणवाडीतून निवृत्त. खाली 'घरच्यांची संमती' या रकान्यात लिहिलं होतं:

"मुलाला अजून सांगितलं न्हाय. साइट त्यानंच बनवली हाय, कळंल की."