टोकाकडचा टेकू

मधल्या ओळीतल्या टेकूवर हातोडा पडणार, तेवढ्यात सुनेने हात वर केला.

"थांब जरा."

स्लॅबखालचे टेकू काढणारा सेंट्रिंगवाला थांबला आणि त्याने मिस्त्रींकडे, तिच्या सासऱ्यांकडे, पाहिलं. मधून सुरुवात कर, असं त्यांनीच सांगितलं होतं. घर त्यांचं. भिंतीतून बाहेर काढलेली ही नवी गॅलरीही त्यांनी स्वतः उभं राहून ओतलेली. नकाशा तेवढा सुनेचा, ती इंजिनिअर.

गॅलरी हवी होती सासूबाईंना. गुडघ्यांनी त्यांचा जिना बंद केला होता. रस्ता दिसला तरी पुरे, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. वर, गॅलरीच्या बंद दाराआड, सकाळपासून खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"चाळीस वर्षं मधूनच काढतोय," मिस्त्री म्हणाले.

"ते स्लॅब दोन्हीकडून भिंतीवर टेकलेले होते, बाबा. ही एकाच बाजूने धरलीय." ती जवळ आली. सेंट्रिंगवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "हात सरळ पुढे करा बरं."

त्यांनी केला. तिने मुठीत एक हातोडी दिली.

"ओढ कुठे बसते?"

"खांद्यावर. वरच्या अंगाला."

"म्हणून सळ्या वर टाकल्या."

"ठाऊक आहे. तेवढ्यासाठी माझं डोकं खाल्लंस."

तिने एक तळवा त्यांच्या मुठीखाली धरला आणि दुसऱ्या हाताने कोपरावर अलगद भार दिला. "आता टोकाला आधार आहे, मधला काढला."

कोपर झोल खाऊ लागलं. मिस्त्री त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर करून गॅलरीचा तळ पाहिला.

"ओढ खालून," ते पुटपुटले. "आणि खाली तर सळ्या नाहीत."

सुनेने हातोडी तेवढी परत घेतली.

मिस्त्री गर्रकन वळले. "काय रे, बघत काय उभा राहिलास? टोकाकडून काढ म्हणून मघापासून ओरडतोय!"

"मघापासून तर तुम्ही..."

"तोंड नको चालवू, हातोडा चालव."

सुनेने पदराआड हसू दाबलं.

मिस्त्री गॅलरीखाली जाऊन उभे राहिले. टेकू निघताना ज्याने ओतलं त्याने खाली उभं राहायचं, ही त्यांची जुनी रीत. सूनही शेजारी येऊन उभी राहिली.

"तू बाजूला हो."

"नकाशा माझा आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली.

टोकाची ओळ निघाली. मग मधली. प्रत्येक टेकू पडला की मिस्त्रींची नजर भिंतीच्या सांध्यावरून फिरून यायची. भिंतीलगतचा शेवटचा टेकू अडून बसला होता. तिसऱ्या घावाला सुटला. थोडा चुरा त्यांच्या टोपीवर पडला.

वर काही हललं नाही. केसाएवढी चीर नाही.

"अगं बाई!" वरून आवाज आला. "समोरच्यांनी दार निळं केलं की! मला कोणी सांगितलंच नाही."

मिस्त्री धावत बाहेर आले आणि वर पाहिलं. कठड्याशी खुर्ची, खुर्चीत सासूबाई.

"तू तिथे कधी आलीस?"

"पहिला टेकू पडला तेव्हाच."

"अहो आई, सगळे निघायचे होते अजून!" सुनेचा आवाज पहिल्यांदाच चढला. "भीती नाही वाटली?"

"कशाची?" त्या अजून निळ्या दाराकडेच पाहत होत्या. "खाली तुम्ही दोघं उभे होतात ना."

मिस्त्रींनी टोपी काढून झटकली. बराच वेळ झटकत राहिले.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणखी थोडी टोकाकडे.