जिताड्याचं डोकं

"डोकं कुठं हाय?" भामानं विचारलं.

कढईतली टिक्की उलटता उलटता चारुताचा हात थांबला. "कसलं डोकं, काकू?"

"माशाचं. माझं नाय."

बेसिनलगतच्या टेबलापाशी बसलेला परेश हसला. चारुताही हसली, पण जरा उशिरा.

सकाळीच भामाच्या भावानं उरणहून अडीच किलोचा जिताडा पाठवला होता. लेकानं पसंत केलेली पोर पहिल्यांदा नेरे गावातल्या घरात येणार, हातचं काही करून घालणार, मग मासाही तोलामोलाचा हवा. सून म्हणून ही चालेल की नाही, ते भामा आज सांगणार होती. करंजाड्याच्या फ्लॅटमधली पोर. हिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. परेशसाठी ती तीन महिने मासे करायला शिकली होती. आज तिनं जिताडा वाफवून एकेक काटा वेचला, बटाटा नि मिरपूड घालून बर्गरसाठी टिक्क्या थापल्या, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळल्या. सॉससुद्धा बाटलीतला नव्हता. अंड्याचा बलक आणि तेल हात भरून येईपर्यंत घोटून तिनं तो घरीच केला होता, वर लसूण, लिंबू आणि बारीक चिरलेली काकडी.

भामानं बर्गरचा एक घास खाल्ला होता. चांगला लागला होता. ते तिनं कुणाला कळू दिलं नाही.

"डोकं मी कचऱ्यात टाकलं, काकू. बर्गरला लागत नाही ना."

"कचऱ्यात." भामानं ताटली बाजूला सारली. "जिताड्याचं डोकं घरातल्या कर्त्या मानसाच्या ताटात वाढतात. अख्ख्या नेऱ्यात कुनालापन विचार. याचा बाप होता तवर त्याच्या ताटात जायचं, आता याच्या. तू याचा मान केरात टाकलास, पोरी."

"सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं."

"काढ मग."

चारुतानं परेशकडे पाहिलं. भामानंही पाहिलं. पोरीचा स्वयंपाक कधीच बघून झाला होता, आता भामाला लेकाचं तोंड बघायचं होतं. डोकं त्याचं, मान त्याचा. 'मला नको' एवढं तो म्हणाला असता तर तिथंच मिटलं असतं. परेश दोन्ही हातांत बर्गर धरून खात होता.

चारुतानं चिमटा उचलला.

"चिमटा नको. हातानं."

चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, कांद्याच्या साली. पोरीनं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. डोकं वर आलं ते डोळ्यावर चहाची पत्ती घेऊन. ती ते नळाखाली धरून धुऊ लागली.

"आतून धू. कल्ल्यात बोटं घाल."

जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं असतं. इकडची शेंबडी पोरंही तिथं हात घालत नाहीत. भामानं ते सांगितलं नाही. चारुतानं बोटं आत घातली आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. पांढऱ्या बेसिनमध्ये लाल ओघळ उतरला.

ऊठ रे, भामा मनात म्हणाली. एकदा ऊठ.

"जपून गं," परेश म्हणाला. "रक्त सॉसमध्ये पडेल." आणि सॉसची वाटी त्यानं स्वतःकडे ओढून घेतली.

"काकू, थोडी हळद मिळेल?"

"आधी डोकं धू."

पोरीनं ओठ दाबून डोकं धुतलं, पातेल्यात ठेवलं आणि उजवा हात ओढणीत गुंडाळला. भामानं मग लेकालाच विचारलं. मुद्दाम, अगदी सोपं करून.

"परेश, डोक्याचं कालवन करायला लावू का हिला? का ऱ्हाऊ दे?"

"एवढं काढलंच आहे तर होऊ दे की. आंबट जरा जास्त टाकायला सांग." त्यानं बोटाला लागलेला सॉस चाटला. "चारू, तोवर अजून एक बर्गर दे ना."

चारुता डाव्या हातानं पाव कापू लागली. पाव सारखा निसटत होता.

भामाच्या उजव्या अंगठ्यावरही एक पांढरा वण होता, चाळीस वर्षांचा. त्या दिवशी परेशचा बाप महादेव पाटावर बसून असाच ताटाची वाट बघत होता.

ती उठली. पोरीच्या हातातली सुरी तिनं काढून घेतली, डब्यातली मूठभर हळद घेतली आणि चिरलेल्या बोटांवर दाबून धरली. पोर कळवळली. भामानं हात सोडला नाही.

"काकू," डोळ्यांत पाणी असताना चारुता हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "मी पास की नापास?"

"तू पास हायस," भामा परेशकडे बघत म्हणाली. "चपला घाल. नाक्यावर करंजाड्याची रिक्षा अजून मिळंल."