अर्धी ओळ

इस्तारी शाहिरानं ओळ अर्धी सोडायची, मागं तुणतुणं वाजवणाऱ्या मुखरूनं ती उचलायची. तेवढ्यात शाहीर दम घ्यायचा. जन्म असाच गेला. टाळ्या शाहिराला पडायच्या, मुखरूला त्याचं कधी काही वाटलं नाही. दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेला सकाळीच शाहीर दारात आला. "तुणतुणं दे गा, तार बदलवून आनतो." मुखरूनं दिलं. दुपारी मंचावर बघतो तर कॅसेटवाल्यांचे माईक लागलेले, आणि त्याचं तुणतुणं शाहिराच्या जावयाच्या हातात! तारेची जुनी गाठसुद्धा तशीच. मुखरू लोकांत बायकोशेजारी बसला. गाणं रंगलं. शाहिरानं सवयीनं ओळ अर्धी सोडली. जावई नुसती तार छेडत राहिला. शाहिराची नजर भिरभिरत मुखरूवर येऊन थांबली. "म्हना नं जी!" बायकोनं कोपरानं ढोसलं. ओळ मुखरूच्या ओठांवर आलेली. त्यानं शाहिराकडे बघत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सोडली, तोबरा भरला आणि तोंड मिटलं.