अंबरीशशी झालेलं बोलणं

तिकीट तपासायच्या यंत्राने तिसऱ्यांदाही लाल दिवाच दाखवला, तेव्हा गेटवरच्या माणसाने गिरीशरावांचा मोबाइल त्यांच्या हातात परत ठेवला आणि "अंकल, साइड में," एवढंच म्हणाला. आत मैदानात गाण्याच्या कार्यक्रमाआधी कुणीतरी माइकवर "हॅलो भोपाल" म्हणून पाहत होतं.

साइडला एक टेबल होतं. नकली तिकीटवाल्यांसाठी ते मुद्दाम मांडलेलं होतं, म्हणजे आपण येणार हे आयोजकांना आधीच ठाऊक होतं तर. टेबलामागे एक हवालदारबाई तक्रारी लिहून घेत होत्या आणि समोर ठेवणीतले कपडे घातलेल्या लोकांची रांग लागली होती. खऱ्या तिकिटांच्या रांगेपेक्षा ही रांग फार शिस्तीची होती.

"जाने दीजिए बाबा, हो जाता है ऐसा," ऋतुजा म्हणाली. लवकर तक्रार केली तर बँक पैसे पुढे जाऊ देत नाही, आमच्या ऑफिसातल्या एकाचे असेच मिळाले, असं सांगून तिने हात पुढे केला. "फोन दीजिए. चैट दिखा देते हैं."

गिरीशरावांनी फोन खिशात घातला.

पैशांचं त्यांना काही नव्हतं. तिकिटांच्या जाहिरातीतल्या नंबरवर त्यांनी पहिल्यांदा हिंदीतच विचारलं होतं. समोरच्याने आडनाव वाचलं आणि तो मराठीत शिरला. मराठी तरी कसं? 'आपण', 'कळवतो', 'क्षमस्व'. अख्खी नोकरी भोपाळच्या सरकारी हिंदीत टिपणं लिहिण्यात गेलेल्या माणसाला 'क्षमस्व' वाचून भरून यायचंच. नाव अंबरीश, घर नागपूरला धरमपेठेत, इंजिनियर, निर्व्यसनी. तिकिटांचं ठरेपर्यंत गिरीशरावांनी त्याला ऋतुजाचा फोटो, पत्रिका, उंची आणि पगार पाठवून दिला होता.

आणि दिवाळीत ऋतुजाने बजावलं होतं. मला न विचारता आणखी एका ठिकाणी माझी माहिती गेली, तर मी बंगळुरूची बदली घेईन आणि इकडे येणार नाही. तिथली जागा अजून तिच्यासाठी रिकामी होती. तिने 'नाही' कळवलेलं नव्हतं.

"बॅटरी संपली," गिरीशराव म्हणाले.

खिशात फोन वाजला. अरेरा कॉलनीतल्या घरून ऋतुजाची आई, कांचनताई विचारत होत्या, नीट बसायला मिळालं का. "अजून उभेच आहोत," गिरीशरावांनी सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच वाक्य खरं होतं.

ऋतुजाने त्यांच्या वाजलेल्या खिशाकडे पाहिलं.

रांग सरकली. गिरीशरावांनी हवालदारबाईंना सुचवलं की नंबर पाठ आहे, तोंडी सांगतो, उगाच चॅटबिट कशाला. बाईंनी मान वर न करता सांगितलं की चॅटशिवाय त्या काहीच लिहिणार नाहीत. तेव्हा चष्मा पुसायचं निमित्त करून गिरीशराव पाठमोरे झाले आणि फोटोवर बोट दाबून धरलं. फक्त माझ्यासाठी पुसू की सगळ्यांसाठी, असं फोनने विचारलं. अशा वेळी फोनने इतकं चौकस असू नये. बोट भलतीकडे पडलं, आणि फोटो पुसला जाण्याऐवजी पडदाभर मोठा झाला. मैत्रिणीच्या लग्नातली हिरवी साडी, मोकळे केस.

"बाबा, ये मैं हूँ," खांद्यामागून ऋतुजा म्हणाली.

तिने फोन हिसकावला नाही. पिकलेलं फळ देठातून काढावं तसा अलगद काढून घेतला आणि टेबलाच्या दिव्याखाली वाचू लागली. अंगठा सावकाश वर सरकत होता. गिरीशराव तिचा चेहरा वाचत होते आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. 'गृहकृत्यदक्ष' पाशी ती क्षणभर थांबली, कारण तिला कुकरची शिट्टीसुद्धा लावता येत नव्हती. 'मुलगी आपणास पसंत असल्यास पुढील बोलणी करू' हेही तिने वाचलं. गिरीशराव म्हणाले, मराठी मुलगा वाटला गं. तिने हाताने गप्प राहायला सांगितलं.

मग अंगठा थांबला.

"क्या हुआ मैडम? मराठी में है, पढ़ के बताइए," हवालदारबाई म्हणाल्या. रांगेतले लोक पुढे झुकले. दुसऱ्याचं नुकसान ऐकून आपलं थोडं हलकं होतं.

ऋतुजाने वाचलं. घरात हिंदीशिवाय न बोलणाऱ्या मुलीने एकेक शब्द नीट उच्चारत वाचलं, "काका, आपण ताईंना विचारलंत का?"

"मतलब?"

"मतलब, पूछ रहा है कि लड़की से पूछा क्या."

हवालदारबाईंचं पेन कागदावर टेकलं, पण पुढे चाललं नाही. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून गिरीशरावांकडे पाहिलं.

"तो? पूछा था?"

आत एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. गाणं सुरू झालं होतं. गिरीशराव पुन्हा चष्मा पुसू लागले.

ऋतुजाने फोन टेबलावर ठेवला, बाईंच्या बाजूला वळवला आणि ओळीखाली बोट ठेवलं. त्या प्रश्नाच्या खालोखाल, दोन निळ्या खुणांसकट, गिरीशरावांचंच उत्तर होतं: 'त्याची गरज नाही. तिकिटांची पूर्ण रक्कम आत्ताच पाठवतो.'