कोंबडीची साक्ष

"फेकू का आता? हात भरून आले माझे," पुष्पा म्हणाली. डोक्यावर दोन्ही हातांनी विमान धरून ती ढेकळांत उभी होती.

"थांब. वारा समोरून येऊ दे," बद्रीनाथ म्हणाला. वारा केव्हाचा समोरूनच होता. येत नव्हता तो धीर.

कुंभार पिंपळगावात बद्रीनाथचं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान होतं. अर्ध्या शिवाराच्या विहिरींचं पाणी त्याच्या हातावर चढायचं. असा हा चाळिशी ओलांडलेला, चार माणसांत ऊठबस असलेला गृहस्थ औरंगाबादच्या एका मैदानावर रिमोटचं विमान उडताना पाहून आला आणि पार खुळावला. रिमोट, मोटार, बॅटरी पुण्याहून मागवली. पंख गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलचे केले, आतल्या काड्या मोडक्या छत्रीच्या घातल्या. विमान दिसायला झालं मोठं गोजिरं. उडत मात्र नव्हतं. सहा वेळा फेकलं, सहा वेळा तोंडावर आपटलं. कधी शेपूट जड व्हायची. कधी विमान त्याच्याकडेच तोंड करून यायचं. मग डावं-उजवं उलटं होतं, आणि हा रिमोटची दांडी नेमकी चुकीकडे ढकलायचा. "पायलट, नव्या मोबाइल टॉवरला सांभाळ बरं का," असं पारावरून लोक ओरडायचे.

लोकांच्या हसण्याचं त्याला फार काही वाटत नव्हतं. लागलं होतं ते आईचं बोलणं.

त्याची आई सोनूबाई सुगीत वस्तीवरच्या ज्वारीत मचाणावर बसून पाखरं राखायची. गोफणीत तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. दगड पाखराला कधी लागायचा नाही, पण पंखाजवळून असा सणसणत जायचा की पाखरू पुन्हा त्या रानाचं नाव काढत नसे. मचाणाखाली तिची कोंबडी पिल्लं घेऊन हिंडायची. त्यातली दोन घारीने उचलली, तेव्हापासून म्हातारीचा एक डोळा ज्वारीवर आणि दुसरा आभाळावर. पहिल्या खेपेला विमान मचाणाजवळच आपटलं, तेव्हा ती वरूनच म्हणाली होती, "आरं, तुझ्या ह्या धुडाकडं माझी कोंबडीसुदिक मान वर करून बघंना. ह्याला उडणं म्हणत्यात व्हय?" आणि खरंच, कोंबडी खुशाल दाणे टिपत होती. त्यानंतर बद्रीनाथ विमान घेऊन ज्वारीपलीकडच्या मोकळ्या रानात जायला लागला. आईच्या नजरेआड.

आज सकाळी भाकरी खाताना तो बायकोला म्हणाला होता, "आज पडलं तर बास. देऊन टाकतो रिमोट कुणाला तरी." पुष्पा नुसतं "बरं" म्हणाली. पण तोल बरोबर करायला विमानाच्या नाकात लोखंडी नट बसवायचा होता, तो दुकानात जाऊन तिनेच शोधून आणला.

"फेक!"

विमान आधी बसकलं. ढेकळांना पोट लागतंय की काय असं वाटलं, आणि तेवढ्यात ते चढायला लागलं. बाभळीच्या वर गेलं. बद्रीनाथने श्वास रोखून ते वळवलं. आता ते त्याच्याकडे तोंड करून येत होतं. त्याचा अंगठा सवयीने चुकीकडे निघाला, थांबला, उलटा फिरला. विमान सरळ झालं.

उंच आभाळात दोन घारी गिरक्या घेत होत्या. तापल्या रानाची हवा तिथं वर चढत असावी. त्याने मोटार बंद केली, तरी विमान खाली येईना. आवाज न करता तेही घारींच्या खाली गिरक्या घेऊ लागलं. बद्रीनाथला रडू फुटलं.

"अगं बघ ना! बघ!"

"बघून राह्यले ना," पुष्पा म्हणाली. तीही पदराने डोळे टिपत होती.

वारा विमानाला हळूहळू ज्वारीकडे नेत होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ते उतरत उतरत मचाणाच्या अंगाला गेलं. खाडकन आवाज झाला. पंख मोडला आणि विमान भिरभिरत ज्वारीत पडलं.

"सरलं," बद्रीनाथ म्हणाला. आपलाच जोड कच्चा राहिला, दुसरं काय. इतकं वर जाऊन पडलं म्हणून जास्तच वाईट वाटत होतं. जड पायांनी तो ज्वारीत शिरला. पंख सापडला. त्याला आरपार भोक पडलं होतं, लिंबाएवढं.

"बद्रीऽ! तिकडं घार पडली काय बघ रं!" मचाणावरून सोनूबाई ओरडली. तिच्या हातात रिकामी गोफण लोंबत होती. "बाजूनंच मारला व्हता म्या, मेलीनं अंगावर घेतला!"

बद्रीनाथने मोडका पंख वर धरून दाखवला. म्हातारी घाईघाईने खाली उतरली आणि पंखावरून हात फिरवायला लागली, लेकरू पडलं की फिरवतात तसा.

"आगं बया, तुजं व्हतं व्हय? मला बिलकुल घार वाटली रं."

"खरंच घार वाटली, आये?"

"माझं सोड, मी म्हातारी झाले," सोनूबाई म्हणाली, आणि तिने मचाणाखाली बोट दाखवलं.

कोंबडी सगळी पिल्लं पंखाखाली घेऊन बसली होती, आणि मान वर करून आभाळाकडे बघत होती.