जोडपट्टी

मुलांच्या कसरतींना पालकांनी घरून धीर द्यायचा, अशा शाळेच्या आधार सप्ताहाचा चौथा दिवस दोरीच्या मल्लखांबाचा होता. सकाळी साडेदहाला भाजी चिरताना वृंदाच्या तळहातांना एकदम घाम फुटला. ही भीती तिची नव्हती, शाळेत असलेल्या आठवीतल्या चार्वीची होती. शाळेने दोघींच्या मनगटांवर बांधायला दिलेल्या जोडपट्ट्यांमधून ती आईपर्यंत येत होती. पोरगी दोरीवर चढली असणार, या विचाराने वृंदाचंही काळीज धडधडू लागलं.

तेवढ्यात शाळेतून चार्वीच्या खेळाच्या शिक्षिका शेलारबाईंचा फोन आला.

"चार्वीची आई, घाबरलाय का तुम्ही?"

"घाबरू नको तर काय करू? पडली म्हणजे?"

"अहो, तुमची भीती तिला पोचतेय! मघाशी छान चढली, आता वर अडकून थरथरतेय."

"मग काढूनच टाकते ही पट्टी."

"नको नको! तिला एकदम एकटं वाटेल, हात सुटतील. तुम्ही फक्त शांत व्हा."

शांत व्हा म्हणे! वृंदाने रामरक्षा सुरू केली, तर ओळीच आठवेनात. मग तिने पाळण्यातल्या सात महिन्यांच्या धाकट्याला उचलून छातीशी घेतलं. तो चुटुचुटु दूध पिऊ लागला, तशी तिची मान सैल झाली, डोळे मिटले. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

आणि एकाएकी तिला सपाटून भूक लागली. नुकतेच पोटभर पोहे खाल्लेल्या वृंदाला हसू आलं आणि रडूही. पोरगी खाली उतरली होती, आणि आता तिला डबा हवा होता.