लाल हातमोजे

हैदराबादेत लोकरीचे कपडे घेऊन कोण ठेवणार? बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांत एकच बॅग फिरायची. जो बर्फात निघेल, त्याच्याकडे. या मे महिन्यात ती वैदेहीकडे आली.

तिने सगळं गच्चीवर उन्हात टाकलं. संध्याकाळी स्वेटर कडकडीत वाळले होते. चिमुकले लाल हातमोजे मात्र ओलेच; मागे मनालीत आईच्या हातून बर्फावरची स्लेजगाडी सुटून दरीत गेलेल्या मुलीचे ते. पिळले, तर गार पाणी गळलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

"मनालीला नकोच जायला," ती नवऱ्याला म्हणाली.

"लाइट घे गं, मनावर नको घेऊस, बुकिंग झालंय," अमोल हसला. "आपल्या पोरीने बर्फ कधी पाहिलाय?"

हॉलमध्ये सहा वर्षांची ओवी परातीत बसून स्लेज-स्लेज खेळत होती. वैदेहीने तिला हाताला धरून ओढलं. ऐन उन्हाळ्यात तो हात बर्फासारखा लागला.

"आई," ओवी म्हणाली, "या वेळी सोडू नकोस हं."